लांबट फेरीचा साचा

पेण स्टँडवर पुण्याची गाडी अजून लागायची होती. बाकावर माझ्या शेजारी जोहे गावच्या गणपती कारखान्यातला एक म्हातारा आणि पुण्याला शिकणारी त्याची मुलगी बसली होती.

"पाच वर्षं झाली गो बाय. ती तुझी आभाळातली लाट आली का?"

"नाय अण्णा. माझीवाली अजून कुणालाच सापडली नाय."

"मग करतेस काय?"

"आली तर ओळखायला साचा लागतो. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात, त्यांच्या लाटेचा. गोल फिरणाऱ्यांचे साचे बाकीच्यांनी केलेत, त्यांच्या लाटा सापडल्यापण. माझी दोघं लांबट फिरतात. जवळ आली की जोरात लाट उठवतात, मग लांब जाऊन कितीतरी वेळ गप."

"आमी आधी मूर्ती घडवतो, मग तिच्यावरनं साचा काढतो. तू मूर्ती न बघताच काढतेस?"

"गणितानं काढते. चारदा चुकला."

"आणि मूर्ती?"

"सर म्हणतात, वीस वर्षांनी येईल. नायतर येणारच नाय."

"दमलीस."

"व्हय."

"साच्याच्या पाठीवर नाव तेवढं कोरून ठेव. आपला मोठा साचा कुणी काढला, ते माझ्या बापालापण ठाऊक नव्हतं. दर साली मूर्ती त्यातनंच निघतात."