आजचं रक्त

रक्त तपासायच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर एक सुतार आणि त्याची बायको बसली होती. बाईच्या मुठीत गोळ्यांचं पाकीट होतं.

"यात सात गोळ्या जास्त कशा उरल्या?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची, की मनात येईल तेव्हा?"

"अगं, करवतीवर काम असलं की नाही घेत. जरा खरचटलं तरी अर्धा तास रक्त थांबत नाही. गिऱ्हाइकाच्या नव्या दारावर डाग पडतात."

"दाराची काळजी आहे तुम्हाला. पायात गुठळी झाली तेव्हा घर डोक्यावर कोणी घेतलं होतं?"

"आता पाय ठणठणीत आहे. रिपोर्टही दर वेळी चांगला येतो."

"तेच मला कळत नाही. इतक्या गोळ्या चुकवून चांगला येतो कसा?"

"येतो."

"मी काय विचारतेय?"

"तपासणीच्या आधी तीन-चार दिवस दोन-दोन घेतो. नाहीतर डॉक्टर उगाच बोलतात."

"आणि त्या रिपोर्टवरून ते तुमची गोळी ठरवतात."

"काही झालंय का आजवर?"

"बोट कापलं तर दिसतं तरी. उद्या गुठळी छातीत जाऊन बसली, तर ती मला कुठून दिसणार?"

आतून नर्सने हाक मारली, "सुतारकाका, या. बाही वर करा."

तो उठायच्या आत ती दारात पोचली.

"सुई ठेवा खाली, ताई. यांचं आजचं रक्त खोटं बोलणार आहे. आधी डॉक्टरांना बोलवा."