आधी वाचा, मग मेथी

मी मूळची मांजरी गावची. आमच्याकडं उसाला पाणी व्हतं, पन पोरीला शाळा नव्हती. लगीन होऊन कसब्यात आले, सासूसंगं मंडईत पालेभाजी घेऊन बसाय लागले, ती आजपातूर बसतीय. आधीच सांगते, माझा कुनावर इस्वास न्हाई. माझ्या आईचा अंगठा घेतला व्हता भावकीनं, नुसता कागद हाय म्हनून, आन आता त्या रानात बिल्डिंगी हायत. तवापासनं गोड बोलनारा आला की मी आधी त्याच्या हाताकडं बघते.

तर काय सांगू तुम्हाला, एक बाई यायच्या, त्या आन त्यांचे मालक दोघंबी शाळंत शिकवायचे. गुरुजींना कवितेचं येड. रोज दोन ओळी करायचे, बाई त्या ठळक अक्षरात चिठ्ठीवर उतरून आनायच्या. गिऱ्हाईक नसंल तवा पोत्यावर बसून मला अक्षरं शिकवायच्या आन म्हनायच्या, अहो कौसाबाई, उद्या ही चिठ्ठी आधी वाचा, मग मेथी घेईन. मला वाटलं, भाव पाडायची नवी तऱ्हा दिसतीय. न्हाई वाचता आलं की खरंच तशाच जायच्या. एकदा गुरुजी स्वतः आले, म्हनले, कौसाबाई, जरा मनावर घ्या, आमची ही दुसरीकडून भाजी घेऊ देत नाही, पाच दिवस पिठलं खातोय. मला लई लाज वाटली. दुसऱ्या दिशी चिठ्ठी वाचली. ऊन आलंय दाराशी, त्याला बसायला पाट द्या. वाचलं आन रडले बघा, भर मंडईत.

दोघंबी गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी निधी काढला त्यांच्या नावानं, बायांना लिहाय-वाचाय शिकवायचा. एक म्याडम आल्या कागद घेऊन, शाईचं पॅड पुढं केलं, म्हनल्या, आज्जी, इथं अंगठा द्या. मी पॅड बाजूला सारलं. म्हनलं, थांबा, आन कागद मोठ्यानं वाचला. त्यात लिवलं व्हतं, कौसाबाई, निरक्षर, पहिली लाभार्थी. म्याडम गोऱ्यामोऱ्या झाल्या, म्हनल्या, आम्ही धरूनच चाललो हो. मी म्हनलं, बाईंनी पिठलं खाऊन मला शिकवलं, आन त्यांच्याच नावानं तुमी मला अडानी लिवता? खोडा ते. त्यांनी खोडलं. तिथं मी सही केली, आन खाली लिवलं, बाईंची विद्यार्थिनी.

आता दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तवा दोघी शेजारनी माझ्यापाशी शिकत्यात. निधीवाले वह्या देत्यात, मी आधी पानं मोजून घेते. बाईंच्या चिठ्ठ्या मागत्यात, छापायच्या हायत म्हनं. बसा, बघा, उतरून घ्या. हातात मिळायच्या न्हाईत.

तुमीबी मघापासनं लिवताय. देव तुमचं भलं करो, चांगलंच लिवलं असंल. काय म्हनता, वाचून दाखवू? नको. द्या हिकडं, मीच वाचते.