कोरा शर्ट

मांजरी गावाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्यासमोर दहावीची दोन पोरं बसली होती, शाळेतला निरोप समारंभ आटोपून निघालेली. खिडकीजवळच्या समर्थचा पांढरा शर्ट वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांनी निळा झाला होता. शेजारच्या शहेजादचा कोराच होता.

"शहेजाद, उसाचे तुरे बघ. सगळे हात हलवतायत."

"वारा सुटलाय, समर्थ."

"मला अजून शाळेची घंटा ऐकू येतीय. तुला?"

"येतीय. सोलापूरला मामूंकडे गेल्यावर येईल का, माहीत नाही."

"जूनमध्येच जाणार?"

"हो."

"मग शर्टावर कुणाला काही लिहू का दिलं नाहीस? तेवढीच आठवण."

"सोमवारी बोर्डाचा पेपर आहे ना. युनिफॉर्म लागतो."

समर्थनं मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं.

"समर्थ?"

"अरे देवा! माझ्या डोक्यातच नाय आलं."

"दुसरा शर्ट असेल की."

"होता. आई म्हणाली, आता संपली शाळा. पायपुसणं केलं त्याचं."

"काय सांगतोस!"

"हसू नको. हा धुतला तर सह्या जातील?"

"धुऊ नकोस. असाच ठेव. माझा दुसरा आहे, तो घाल. उद्या घरी आणून देतो."

"शेवटचा पेपर झाला की लगेच परत देतो. धुऊन, कडक इस्त्री करून."

"इस्त्री नको."

"मग?"

"पाठीवर तुझं नाव लिही. मोठ्या अक्षरात, एकट्याचंच. मग दे."