कूलंट जातंय कुठं

न्हाई न्हाई, चन्नबसप्पा मिस्त्री, रेडिएटरला हात लावू नका — ते नांदेडात बदललं, पाइप बदलले, पंप बदलला, आता ह्या गाडीत जुनं म्हणजे हॉर्न आन् मी, दोघंच राहिलो. रोग एकच हाय — टाकीतलं इंजिन गार ठेवायचं हिरवं कूलंट गायब होतंय, आन् खाली थेंब न्हाई! गाडीखाली पांढरं धोतर अंथरून बघितलं मी — हसा, आमच्या गल्लीनं बी हसून घेतलं — धोतर कोरडं, टाकी रिकामी. आमच्या साडूची गाडी ही, दयानंदरावांची. देतानी म्हणले, लेकीवानी वापरली हो! लेकीची तरी माणसं चौकशी करतात, ह्यांनी माझा फोन उचलणंच सोडलं.

आज अहमदपूरपर्यंत ठीक आली, लातूर येईस्तोवर काटा लाल. मला मुरुडला पोचायचंय हो. बायको हाय तिथं, भावाकडं. भांडण? छे, भांडण कशाचं! माहेरी जात न्हाईत का बायका? ऱ्हातात की चार दिवस. आता ही पोळ्यापासून हाय आन् संक्रांत आली, त्याला काय — भावाचा जीव लई तिच्यावर. फोन लागत न्हाई, रेंज न्हाई म्हणे. मुरुडात रेंज न्हाई! चंद्रावर गेलीय जणू.

बरं, तुमच्यापासून काय लपवायचं — पाण्यावरूनच झालं सगळं. हिला बाटलीचं पाणी चालत न्हाई. आईनं दिलेला फिरकीचा तांब्या भरून पायाशी घेऊन बसणार बाईसाहेब, आन् पायाखालचा गालिचा सदा ओला! म्हणलं, सिंधु, गाडी हाय का पाणपोई? तर म्हणती, फिरकी घट्ट हाय, सांडत न्हाई. मग काय गोदावरी आली का गाडीत? लगेच दुसरं सुरू — पाय चिकट होऊन राहिले, गुळावानी वास येऊन राहिला, काचेवर वाफ धरली. म्हणलं वा, आता तुम्हीच मिस्त्री व्हा! जन्मभर पोरांला विज्ञान शिकवलं मी, आन् हिला पाणी चिकट लागून राहिलं!

लोह्याच्या पुढं पुन्हा तेच. गाडी थांबवली, उचलला तांब्या आन् दिला भिरकावून सोयाबीनच्या रानात. ती बी लगेच उतरली, रानात शिरली, कमरेएवढ्या सोयाबीनमध्ये वाकून वाकून हुडकून राहिली — मी हॉर्न वाजवून राहिलो. मग रिकाम्या हातानं आली, गाडीकडं बघितलं बी न्हाई, आन् मागून आलेल्या लातूरच्या एसटीला हात केला. आता नवा तांब्या घेतलाय मी, मागच्या सीटवर हाय. तसाच, पितळी. तसाच म्हणजे — असो.

अहो, तिकडं कशाला शिरलाव? तिच्या बाजूला पोळ्यापासून कुणी बसलंच न्हाई, कोरडं ठण्ण असंल. काय? गालिचा उचलून काय बघताव —

ओलंय?

हिरवं हाय. पाणी हिरवं कसं... हीटरमधून? म्हंजी कूलंट आतल्या आतच गळून राहिलं, इतके दिवस?

बघू. बोट लावू द्या मला.

...चिकट हाय.

न्हाई, मी ठीक हाय. पाणी नको. गाडी राहू द्या इथंच, सावकाश करा न्हाईतर करू नका. मुरुडची एसटी कुठं लागती, तेवढं सांगा. आन् असं बघू नका माझ्याकडं, जावा, तुमचं काम करा.