चिठ्ठीपुढची रिकामी जागा

मोहनराव, ऑफिसातली मंडळी, शैलाताईंचे शेजारी... बसा, बसा. मी उभाच राहतो. मला बसवत नाहीये. बोलायला उभा राहिलो खरा, पण सुरुवात कुठून करावी तेही कळत नाहीये.

कोथरूडच्या आमच्या छोट्या कंपनीत शैलाताई अकरा वर्षं होत्या. काम काय? ग्राहकानं काय मागितलं, त्यासाठी कुठला प्रोग्राम लिहिला, तो कुणी तपासला, याचे धागे जोडून ठेवायचे. म्हणजे एका जागी बदल केला की आणखी कुठे धक्का बसेल ते आधीच कळतं. आधी हे सगळं वह्यांमध्ये होतं. आणि त्यांचा एक नियम होता. बदल करण्याआधी सगळ्यांनी कीबोर्डवरून हात काढायचे. एक मिनिट. मग त्या विचारायच्या, "कुठेकुठे धक्का बसेल? बोला."

मला त्या मिनिटाचा वैताग यायचा. खोटं कशाला बोलू?

म्हणून मी त्या वह्यांच्या जागी कॉम्प्युटरवरचं टूल आणलं. बटण दाबा, यादी हजर. म्हटलं, "शैलाताई, आता मिनिट बंद." त्या म्हणाल्या, "अहो, आपण त्याला जे सांगितलं तेवढंच ते सांगणार. इतकं आज्ञाधारक मला घरीसुद्धा कुणी नको." मोहनराव, नवरा असून तुम्ही हसलात, बरं वाटलं.

मग ते सदाशिव पेठेतल्या हॉस्पिटलचं काम आलं. लहान मुलांच्या पातळ औषधाचं माप चमच्यांत होतं, ते मिलिलिटरमध्ये हवं होतं. एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. टूलनं तीन जागा दाखवल्या, तिन्ही मी बदलल्या. शैलाताईंनी विचारलं, "आणि वॉर्डात छापतात ती औषधाची चिठ्ठी?" मी म्हटलं, "टूलमध्ये नाही. म्हणजे नाही."

टूलमध्ये का नव्हती? कारण ती चिठ्ठी मीच केली होती. एका सिस्टरनं फोनवर मागितली, दुपारभरात उरकली, नोंद केलीच नाही. मीच नाही केली. आणि विसरूनही गेलो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातून फोन. सिस्टर विचारत होत्या, "चिठ्ठीवर पाच चमचे आलंय. एवढ्याशा बाळाला पाच चमचे?" चिठ्ठीवरचा आकडा आपोआप बदलला होता, पुढचा 'चमचे' हा शब्द तोच राहिला होता. शैलाताई फोनवर ओरडल्या, "एक! एकच चमचा! बाकीच्या चिठ्ठ्या कुणी वापरू नका!" आणि स्कूटर काढून निघाल्या. संध्याकाळपर्यंत वॉर्डात उभं राहून एकेक चिठ्ठी पेनानं दुरुस्त केली. बाळाला काही झालं नाही. त्या सिस्टरनं विचारलं, म्हणून झालं नाही.

नंतर डॉक्टरांनी बोलावून विचारलं, "चूक कुणाची?" शैलाताई म्हणाल्या, "आमच्या नोंदीत राहिली." आमच्या! मी शेजारीच बसलो होतो. घड्याळ बघत होतो.

परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मिनिट सुरू." मी हो म्हटलं. माफी मागायची राहिली. आज मागू, उद्या मागू म्हणता म्हणता त्या गेल्याच. रोज समोर दिसत होत्या हो त्या!

आज सकाळी मी टूल उघडलं. त्या चिठ्ठीची नोंद त्यांनी केली आहे. कशासाठी, कुणी मागितली, कुठे छापली जाते, सगळं आहे. 'कुणी केली' ही एकच जागा रिकामी. एकही जागा रिकामी न सोडणारी बाई ती. मोहनराव, मी तिथं माझं नाव लिहिलं. तुमच्यासमोर आणि ऑफिससमोर सांगतो, चूक माझी होती. त्यांची नव्हती.

आता उभे राहूया. हातातलं सगळं खाली ठेवा, मोबाइलसुद्धा. त्यांचं ते एक मिनिट आज त्यांना देऊया.

माझं घड्याळ मी काढून टेबलावर ठेवतोय. वेळ दुसऱ्या कुणीतरी बघा.