फौजदाराचं औषध बदला

—नाही नाही, तुमचं औषध वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये डॉक्टर, आधी नीट ऐकून तर घ्या. औषध उत्तमच असणार. माझं म्हणणं एवढंच, की ते बदला. दुसरं द्या. गोड द्या, आंबट द्या, पाण्यासारखं बेचव द्या — हे सोडून काहीही द्या. इतकं कडू आहे ते! — हो, मी घेतली की चव. का, घेऊ नये? अहो, बोटाला लावून नुसतं जिभेला टेकवलं, तर सकाळचा चहा मला दुपारपर्यंत कडू लागत होता. मग त्या एवढ्याशा जिवाचं काय होत असेल, सांगा. ससा झाला म्हणून काय त्याला जीभ नाही?

तो बाहेर आहे, टोपलीत. विहीणबाईंच्या मांडीवर. म्हटलं, आधी मी एकटी आत जाऊन डॉक्टरांशी दोन शब्द बोलते, मग बोलावते. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. मागच्या वेळी आल्या नव्हत्या, म्हणून तुम्ही पाहिलं नाहीत. आम्ही एकाच घरात राहतो — हो, दोघी विहिणी एका घरात, हसा तुम्ही, सगळेच हसतात. पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, डोळ्याच्या ऑपरेशनला. तेव्हा माझी नात रांगत होती. आता ती तिसरीत आहे. तक्रार नाही हं! बाई सोन्यासारखी आहे. आवाज चढवून बोलणार नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तोच तर त्रास आहे. भांडायचं म्हटलं तरी हाताशी काही लागत नाही.

तर औषध. तुम्हाला आठवतंय ना, हनुवटीखाली बोराएवढी गाठ होती, दाताच्या मुळाशी पू झालाय म्हणालात, सकाळ-संध्याकाळ पाजा म्हणालात. घरात कोण पाजणार? मुलगा आणि सून दिवसभर कामावर, नात शाळेत. राहिलो आम्ही दोघी. विहीणबाईंचे हात थरथरतात, आणि मी पडले नर्स — हो, अख्खी नोकरी लसीकरणाच्या खोलीत गेली माझी. पोरांचे दंड धरायचे आणि सुई टोचायची. बाजारात मला पाहिलं की पोरं आईच्या मागं लपायची, एकानं तर मला बघून हातातला फुगा सोडून दिला होता. तेव्हा मला गंमत वाटायची. खरंच वाटायची. तर म्हटलं, मीच पाजते. टॉवेलात गुंडाळायचं, नुसतं डोकं बाहेर ठेवायचं, दातांच्या बाजूनं ती बिनसुईची सिरिंज आत सरकवायची, हळूहळू सोडायचं. आणि माझं झालं की विहीणबाई कोथिंबिरीची काडी घेऊन बसलेल्या असायच्या. त्याचं तोंड गोड करायला. मीच सांगितलं होतं त्यांना तसं. माझीच अक्कल.

चार दिवसांत काय झालं असेल? मी खोलीत पाऊल टाकलं, की हा मागचा पाय जमिनीवर आपटणार — धप्प! तसाच आपटतो म्हणून तर नातीनं त्याचं नाव फौजदार ठेवलंय, पण पूर्वी तो कुकरच्या शिट्टीवर आपटायचा, दाराच्या बेलवर आपटायचा. आता माझ्यावर. मी दिसले की धप्प, आणि पळाला पलंगाखाली. आणि विहीणबाई दिसल्या की? आडवा होतो हो त्यांच्या पायाशी! चारी पाय पसरून, चपटा, घडी केलेल्या मोज्यासारखा. त्या पेपर वाचतात, हा पडलेला. त्या उठल्या की हा मागून. आणि त्याची जागा कोण झाडतं? मी. त्याचं गवत कोण आणतं? मी. पण मला धप्प.

आता तुम्ही म्हणाल, या वयात एका सशाचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं. नाही म्हणालात, पण तुमच्या भुवया म्हणाल्या. सशाचं नाहीच मुळी. सशाचं असतं तर — हे बघा, नातीची वेणी कोण घालतं? मी. कारण मी घट्ट घालते, संध्याकाळपर्यंत टिकते, आणि ती ओरडत असते. नखं मी कापते, पाढे मी म्हणून घेते. आणि गोष्ट? गोष्ट सांगणार विहीणबाई. झोपायला कोणाच्या खोलीत? अर्थात त्यांच्या. म्हणून मला राग येतो असं नाही — येतो थोडा. खोटं कशाला बोलू? यांचंही तसंच होतं, माझ्या मिस्टरांचं. फिरतीची नोकरी होती त्यांची. महिन्यातून चार दिवस घरी. येताना शिट्टी, भोवरा, कागदी चक्री, काय काय आणायचे, आणि चार दिवस नुसता धिंगाणा. उरलेले दिवस एरंडेल पाजणारी, अभ्यासाला बसवणारी कोण? परवा मुलाचे मित्र जेवायला आले होते, तर हा सांगतोय, 'आमच्याकडे आई म्हणजे कायदा आणि बाबा म्हणजे सुट्टी.' सगळे हसले. मीही हसले. चांगली खदखदून हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच कढई पुन्हा घासली.

अरे, मी कुठे भरकटले. औषध. — गाठ? गाठ कमी व्हायला हवी होती, नाही झाली. होईल कशी, निम्मं औषध माझ्या बाहीवर! तोंड असं काही फिरवतो, की अर्धं बाहेर. म्हणून तर मी ते स्वेटरचं — नाही, काही नाही. स्वेटरचं काही नाही.

बघा, सांगायचंच नव्हतं मला. पण तुम्ही डॉक्टर आहात, डॉक्टरांपासून काय लपवायचं, माझ्याच पेशंटांना मी हेच सांगायचे. तर विहीणबाईंचा एक जांभळा स्वेटर आहे. बारा महिने अंगात, त्याला त्यांच्या पावडरीचा वास. परवा सकाळी त्या आंघोळीला गेल्या आणि स्वेटर खुर्चीवर. मला वाटलं, ससा माणूस ओळखतो ते वासानं. — हो, घातला. घातला मी स्वेटर. गळ्याला त्यांची पावडरही लावली थोडी. आणि त्यांच्यासारखी हळूहळू पाय घासत गेले. तुम्ही हसताय. हसा, मलाही तेव्हा हसू आवरत नव्हतं. तो आला हो! धप्प नाही की काही नाही. सरळ आला आणि माझ्या पायाशी आडवा झाला. चपटा. डॉक्टर, तुम्हाला सांगते, मी तशीच उभी राहिले. सिरिंज हातात होती, पण पाजावं असं वाटेना. मी खाली बसले, दोन कानांच्या मधे बोट फिरवलं, तर त्यानं डोळे मिटून घेतले. औषध-बिषध सोडून अशीच बसून राहीन असं वाटलं. पण बाथरूममधला नळ बंद झाला. मग काय, टॉवेल टाकला आणि पाजलं. सगळं पोटात गेलं, थेंब सांडला नाही. पटकन स्वेटर जागेवर. मी मनात म्हटलं, काय डोकं चालवलं!

संध्याकाळी पुन्हा तेच केलं. त्या स्वेटर काढून ठेवून फुलझाडांना पाणी घालायला गॅलरीत गेल्या होत्या. पुन्हा थेंब सांडला नाही.

आणि रात्री विहीणबाई स्वेटर घालून कोथिंबीर घेऊन बसल्या, तर — धप्प. त्यांच्यावर. त्या 'ये रे, ये रे' करताहेत, हा पलंगाखाली पार भिंतीला चिकटलेला. पुन्हा धप्प. त्या मला म्हणाल्या, 'माझं काही चुकलं का हो?' मी म्हटलं, छे, आज त्याचं पोट बिघडलं असेल. आणि मग मी पाणी प्यायला उठले, तर या बाई अंधारातच पलंगापाशी खाली बसलेल्या. गुडघे दुखतात तरी. कोथिंबिरीची काडी तशीच पुढे धरलेली, आणि डोळे पुसताहेत. ज्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तो जास्त गळतो. मी दारातूनच परत फिरले. पाणी प्यायलेच नाही.

म्हणून म्हणते, औषध बदला. त्याला कोणाचाच राग यायला नको असं काहीतरी द्या. कारण आता तो — हे मी शेवटी सांगणार होते — आता तो कोणाकडूनच खात नाही. कालपासून. माझ्याकडून नाही, त्यांच्याकडून नाही, नातीकडूनसुद्धा नाही. — काय? कालपासून म्हणजे, काल सकाळी थोडं गवत ओढलं होतं. दुपारनंतर काही नाही. — अहो, असे उठू नका, मला धडकी भरते. इतकं वाईट असतं का ते? माणसं नाही का एखादा दिवस उपाशी — असं? पोटच बंद पडतं? सशांचं? अरे देवा. मग हे तुम्ही मला आल्या आल्या का नाही विचारलंत! — हो, मीच बोलत होते. बरोबर आहे. मीच बोलत होते.

थांबा, बोलावते. विहीणबाई! अहो विहीणबाई, आत या, टोपली घेऊन या! — तोवर सांगा, काय करणार तुम्ही? — इंजेक्शन? दिवसाआड? आणि ती सिरिंज बंद? अगदी बंद? — मी घरीच टोचू म्हणता? नको! नको डॉक्टर, हात जोडते. मला जमत नाही असं नाही, डोळे मिटून टोचीन. पण इथेच टोचा. त्याला रागवायचंच तर तुमच्यावर रागवू दे. तुम्ही काही त्याच्या घरात राहत नाही. — हो? रोज वीस जण रागवून जातात? मग तर प्रश्नच मिटला.

या, या. ठेवा इथे टेबलावर. सावकाश. अगं बाई, झाकण आधी नका काढू, उडी मारेल — काय म्हणता? पेपर खाल्ला? कुठला पेपर? डॉक्टर, तुमच्या बाहेरच्या बाकावरचा पेपर टोपलीच्या फटीतून ओढून खाल्ला म्हणे यानं! — कोपरा नाही हो, चांगलं अर्धं पान. राशीभविष्याचं. म्हणजे खातोय! खातोय ना डॉक्टर? लावा, लावा ते कानाला, ऐका पोट. — वाजतंय? चांगलं वाजतंय? हुश्श. अरे गुलामा, घरात कोवळी कोथिंबीर सोडलीस आणि इथे येऊन लोकांचं भविष्य खाल्लंस!

हं, तर इंजेक्शन. धरते मी, माझा हात बसलेला आहे. विहीणबाई, तुम्ही बाहेर थांबा जरा, त्याला तुमचा चेहरा दिसायला नको. टोचून झालं की या, जवळ घ्या, म्हणजे —

काय? — तुम्ही? नाही नाही, तुम्ही कशाला धरताय, अहो जो धरतो त्याच्यावर तो डूख धरतो, तुम्हाला माहीत नाही — रुसू दे? असं काय म्हणता, परवा तर तुम्ही त्याच्यासाठी — कुठला स्वेटर?

कधी कळलं तुम्हाला? — बामाचा वास. काल सकाळी घातला तेव्हा. — हो डॉक्टर, लावते मी बाम, मानेला लावते, रोज लावते, माझ्या लक्षातच नाही आलं, पावडर लावली पण बाम — आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत? काल दिवसभर? माझ्याबरोबर बसून भाजी निवडलीत, इथपर्यंत रिक्षात आलात, आणि — काय? पुन्हा सांगा. — 'रोज दोन्ही वेळेला तुम्ही एकट्याच त्याचा राग खात होतात, आणि मी आपली काडी घेऊन बसत होते. मलाच लाज वाटली.' — बघा डॉक्टर. बघा या कशा आहेत. म्हटलं ना मी, भांडायचं म्हटलं तरी हाताशी काही —

नाही, मी रडत नाहीये. मला काय झालंय रडायला.

हात थरथरताहेत तुमचे विहीणबाई. असे नका धरू, मागचे पाय पोटाखाली घ्या, छातीशी टेकवा त्याला. — हां. तसं. अगदी तसंच. बरोबर धरलंय हो यांनी, डॉक्टर. — मग मी काय करू? — बाहेर? बाहेर जाऊन काय करू? — नुसती बसू? म्हणजे कापूस वगैरे काही द्यायचा नाही, डोकं धरायचं नाही, काहीच — नको?

बरं. बरं बाई. बसते.