घेवड्याचा पोकर

सोफिया शहराला जाणाऱ्या बसची वाट बघणाऱ्या झिव्काच्या मागे दोन म्हातारे तावातावानं बोलत होते.

"दिन्को, पेन्शनर क्लबच्या दारावरचा आपला कागद कुणी फाडला रे?"

"नगरपालिकेच्या साहेबानं. म्हणे, जुगाराची जाहिरात!"

"'गुरुवारी पोकर, या' एवढंच तर लिहिलं होतं! आणि आपण पणाला लावतो काय, तर घेवड्याचे दाणे!"

"सांगितलं ना त्याला! हरेल त्यानं त्याच घेवड्याचं सूप करायचं, सगळ्यांनी मिळून प्यायचं. तर म्हणतो, कायदा सगळ्यांना सारखा, आजोबा."

"डोक्यात भुसा भरलाय मेल्याच्या!"

बस आली. पुढून मागपर्यंत कॅसिनोची जाहिरात, खिडक्यांच्या काचासुद्धा सोडलेल्या नव्हत्या.

"बोलव तुझ्या साहेबाला! म्हणावं, फाड आता ही बस!"

"तो काय फाडतो! रोज ह्याच बसनं घरी जातो."